सल्ला: व्हीगन असताना थायरॉइडची गोळी घ्यावी का?

वाचकाचं पत्र: "मी ३३ वर्षांची, पुण्यात राहते, चार वर्षं व्हीगन आहे, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच घेत नाही. तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी काम करू लागली की रक्तात वाढणारं संप्रेरक) १४ आलं, तेव्हा डॉक्टरांनी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा दिली. दोन महिने घेतल्यावर कळलं की गोळीत लॅक्टोज असतं, कॅप्सूल जिलेटिनची (जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेली) असते आणि औषधं प्राण्यांवर तपासलेली असतात. तीन आठवड्यांपूर्वी सगळं बंद केलं. अजून काही त्रास नाही. वर्षभरात बाळाचा विचार आहे. मैत्रीण म्हणते, गोळी घेणार असशील तर स्वतःला व्हीगन म्हणवू नकोस. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीकडे वळू का? शिवाय मी सोसायटीबाहेरच्या कुत्र्यांना खायला घालते. रेबीजची लस आधीच घेऊन ठेव असं सगळे सांगतात, पण ती माकडाच्या पेशींत बनवतात म्हणे. काय करू?"

नमस्कार.

आधी गोळीचं. आजच डॉक्टरांना फोन करा, तीन आठवड्यांचा खंड पडल्याचं सांगा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळी पुन्हा सुरू करा. पुढचं सगळं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

त्रास नाही म्हणजे गोळीची गरज नव्हती, असं समजू नका. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश कमी होतं. साधारण सात दिवसांनी निम्मं उरतं. तीन आठवड्यांनी गोळ्यांतून आलेला साठा आठव्या हिश्श्यावर येतो आणि पेशींवरचा परिणाम त्याच्याही मागून दिसतो. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणं, पाळी बिघडणं हे इतक्या हळू येतं की गोळी बंद केल्याशी त्याचा संबंध लक्षातही येत नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल तर काहीच न जाणवता वाढतं.

बाळाचा विचार असल्याने यात आणखी जोखीम आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटाकडे कामाला लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक फक्त आईकडून येतं. ते कमी पडलं तर गर्भपाताचा धोकाही वाढतो. गर्भधारणेआधी टीएसएच बहुधा २.५च्या खाली आणून स्थिर करतात. तुमच्यासाठी नेमका आकडा कोणता, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या आणि तोवर थांबा. दिवस गेल्याचं कळेल त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण गर्भारपणात या गोळीची गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते आणि ती वाढ पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते.

आता तुमच्या मनातला खरा पेच. तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. औषधात काय आहे? ते पूर्वी कधी प्राण्यांवर तपासलं गेलं का? आणि तुम्ही विकत घेता त्या पाकिटामागे आजही एखादा प्राणी जातो का? या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या हातात असलेली गोष्टही वेगळी आहे.

गोळीतल्या मुख्य औषधापासून सुरुवात करू. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून पहिल्यांदा या आजारावर उपचार केला. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, तेही कत्तलखान्यातून टनावारी ग्रंथी आणून. १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. तुमच्या गोळीतलं थायरॉक्सिन असंच रासायनिक पद्धतीने बनतं. त्यात प्राण्याचा अंश नाही. परदेशात डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या 'नैसर्गिक' म्हणून आजही विकल्या जातात. इंटरनेटवर कुणी त्यांची शिफारस केली तर लक्षात ठेवा, व्हीगन माणसासाठी याहून वाईट पर्याय नाही.

उरतात गोळीला आकार देणारी पूरक द्रव्यं. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे मीठाच्या एका कणाएवढं औषध; नुसतं हाताळता येत नाही, म्हणून त्यात लॅक्टोजसारखी भर घालतात. हे लॅक्टोज चीज बनवताना उरलेल्या निवळीतून काढतात. एका गोळीत ते १०० मिलिग्रॅम आहे असं धरलं, तरी वर्षभरात ३६.५ ग्रॅम होतं. एक लिटर दुधात साधारण ४७-४८ ग्रॅम लॅक्टोज असतं. म्हणजे अख्ख्या वर्षाच्या गोळ्यांत पाऊण लिटर दुधातलं लॅक्टोज, आणि तेही दुसऱ्या उद्योगातून उरलेलं. ते शून्य नाही, आणि तुम्हाला ते खटकतं यात काही चूक नाही. पण उपचार सोडण्याच्या धोक्यापुढे त्याचं वजन किती, हे तुम्हीच ताडून पाहा.

लॅक्टोजशिवायची थायरॉक्सिनची गोळी शोधणं योग्यच आहे. काही उत्पादक त्याऐवजी मॅनिटॉल वापरतात. मात्र सॉफ्टजेल स्वरूपातलं थायरॉक्सिन लॅक्टोजमुक्त असलं तरी त्याचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, तेव्हा तिथे फसू नका. दुसरं द्रव्य मॅग्नेशियम स्टिअरेट, गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून साधारण एक टक्का घालतात. ते पामतेलातून येतं किंवा जनावराच्या चरबीतून. पाकिटावरून कळत नाही, विचारावंच लागतं. आणि कंपनी परस्पर बदलू नका. थायरॉक्सिनच्या मात्रेत थोडा फरकही चालत नाही आणि दोन कंपन्यांच्या गोळ्या आतड्यांतून सारख्याच शोषल्या जातील याची खात्री नसते. डॉक्टरांना सांगून बदला, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा आणि मग त्याच कंपनीवर कायम राहा. मेडिकल दुकानात 'ही नाही, पण सेमच आहे' असं म्हणून दुसरी पट्टी पुढे केली तर घेऊ नका.

दुसरा प्रश्न, पूर्वीच्या चाचण्यांचा. यात मनाला बरं वाटेल असं काही सांगणार नाही. नवं औषध माणसांना देण्याआधी ते साधारणपणे उंदरासारख्या एका कुरतडणाऱ्या प्राण्यावर आणि कुत्रा किंवा माकड अशा दुसऱ्या एका प्राण्यावर वाढत्या मात्रेत तपासलं जातं, आणि शेवटी बहुतेक प्राणी मारून त्यांचे अवयव तपासतात. हे कायद्यात आलं त्यालाही कारण होतं. १९३७ साली अमेरिकेत 'एलिक्सिर सल्फानिलामाइड' हे पातळ औषध कुठल्याही विषारीपणाच्या तपासणीशिवाय बाजारात आलं आणि त्यातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने शंभरावर माणसं दगावली, त्यांत अनेक मुलं होती. पुढच्याच वर्षी तिथे सुरक्षितता आधी सिद्ध करण्याचा कायदा झाला आणि जगभर तीच चौकट पसरली.

पण थायरॉक्सिन अनेक दशकं वापरात असलेलं, पेटंट केव्हाच संपलेलं औषध आहे. अशा जुन्या औषधाची गोळी नवी कंपनी आणते, तेव्हा रक्तातली पातळी जुळते का याचा अभ्यास निरोगी माणसांवर, त्यांच्या संमतीने होतो. तुम्ही एक पट्टी घेतलीत म्हणून नव्या उंदराची मागणी निर्माण होत नाही, आणि घेतली नाहीत म्हणून एखादा वाचतही नाही. दुधाच्या पिशवीचं तसं नाही. ती रोज घेतली तर उद्याच्या दुधाची मागणी टिकते, आणि म्हणून तुमचं दूध सोडणं परिणामकारक आहे. नकाराला अर्थ येतो तो मागणीमुळे. 'पैसा तर त्याच कंपनीला जातो' ही शंका रास्त आहे. ती सलत असेल तर नवी औषधं न शोधता फक्त जुनी जेनेरिक बनवणाऱ्या कंपनीची गोळी डॉक्टरांकडून लिहून घेता येईल, टीएसएच पुन्हा तपासण्याच्या वरच्या अटीसह.

सौंदर्यप्रसाधनांत बहिष्कार चालला, कारण तिथे कंपनीला आणि ग्राहकाला दोघांनाही पर्याय होता. भारताने २०१४ मध्ये त्यांच्या प्राण्यांवरील चाचण्या आणि तशा मालाची आयात दोन्ही थांबवली. औषधांत चाचणी नियमामुळे होते, म्हणून जोर नियमावर लावायला हवा, आणि तिथे गोष्टी हलत आहेत. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. भारतात २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि मानवी पेशी, चिपवर वाढवलेलं अवयवांचं ऊतक, संगणकीय प्रारूपं यांतून मिळालेली माहितीही मान्य झाली. परवानगी आली, पण सवय जुनीच आहे. म्हणून आता पाठपुराव्याची गरज आहे. भारतात प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिशास्त्र समिती असावी लागते आणि तिच्यात संस्थेबाहेरचा, वैज्ञानिक नसलेला, सामाजिक जाणीव असलेला सदस्यही असतो. तुमच्या शहरातल्या संशोधन संस्थांना ही समिती कशी काम करते, पर्यायी पद्धती कुठे वापरल्या, हे विचारा. गोळी नाकारण्यापेक्षा इथे खर्च केलेला तास प्राण्यांच्या जास्त कामाचा आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि रेबीजची लस नेमकी त्यात येते. ती बहुधा माकडाच्या पेशींत बनते हे खरं आहे. व्हेरो नावाच्या या पेशी १९६२ साली जपानमध्ये एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या आणि त्याच आजवर वाढवल्या जात आहेत. दर वेळी नवं माकड लागत नाही. पेशी वाढवताना वासराच्या रक्तातला सीरम मात्र बहुधा वापरला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लसीच्या प्रत्येक बॅचची ताकद उंदरांवर तपासण्याची पद्धत अजून चालू आहे. लस देऊन मग उंदरांना विषाणू टोचतात. त्याऐवजी लसीतलं प्रथिन थेट मोजणारी एलायझा चाचणी तयार आहे आणि ती नियमांत येणं फार गरजेचं आहे. म्हणजे इथे 'चाचणी केव्हाच होऊन गेली' हे उत्तर लागू पडत नाही.

तरीही लस घ्या, असंच मी सांगेन. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कुत्र्यांमध्ये रोज वावरणाऱ्याला चावा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. आणि यात तुम्हाला महत्त्वाची वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. आधी लस न घेतलेल्या माणसाला रक्त येईल असा चावा झाला, तर लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचं (विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांचं) इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते अनेकदा घोड्यांना मुद्दाम लस टोचून त्यांच्या रक्तातून काढलेलं असतं. मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींमधून बनवलेल्या प्रतिपिंडाचा पर्याय भारतात आता आहे, पण तो प्रत्येक दवाखान्यात त्या घटकेला मिळेलच असं नाही. आधी पूर्ण लस झालेल्या माणसाला मात्र चाव्यानंतर या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची गरजच पडत नाही. शून्याव्या (म्हणजे पहिला डोस घेतला त्या) आणि तिसऱ्या दिवशी असे लसीचे दोनच डोस पुरतात. भारतात चाव्याआधीच्या लसीचे तीन डोस देतात: शून्याव्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. नोंदीचं कार्ड जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही असू द्या. चावा किंवा ओरखडा झाला तर आधी पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, हळद-चुना-तिखट काही लावू नका, आणि लस झालेली असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. तुम्ही खायला घालता त्या कुत्र्यांचंही दरवर्षी लसीकरण करून घ्या. त्यांचा जीव वाचतो आणि गल्लीत त्यांच्याविरुद्ध ओरड होत नाही.

सर्पदंशावरचं औषधही असंच घोड्यांपासून बनतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी काहीही चावलं तर त्याला आज पर्याय नाही, तिथे घटकाभरही विचार करत बसू नये. इंजेक्शनमध्ये ताप आणणारं जिवाणूंचं विष नाही ना, हे पाहायला हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाचं निळं रक्त वापरतात. त्याची जागा घेणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं द्रव्य युरोपच्या औषधकोशात २०२१ पासून आहे. हेही कंपन्यांना विचारण्यासारखं.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र तुम्हाला खरोखर निवड करता येते. ६०,००० युनिटच्या नेहमीच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं आणि आतलं ड३ मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढलेलं असतं. हेच औषध पुडीत किंवा पातळ द्रावणात घेतलं तर जिलेटिन टळतं, लोकर टळत नाही. पूर्ण व्हीगन ड३ लायकेनपासून बनतं, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या वर्गातली वनस्पतीसारखी वाढणारी बुरशी-शैवालाची जोडी. (दगडफूल खाऊन ड जीवनसत्त्व मिळणार नाही.) ड२ हे बुरशीपासून मिळतं, पण ते रक्तात कमी काळ टिकतं, म्हणून आठवड्याऐवजी रोज घ्यावं. घोटाळा मात्रेत होतो: आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साधारण ८,५०० युनिट, आणि लायकेनच्या गोळ्या बहुधा १,००० किंवा २,००० युनिटच्या असतात. गोळीसाठी गोळी बदलली तर कमतरता तशीच राहते. पातळी फारच कमी असेल आणि बाळाचा विचार असेल, तर आठ आठवडे पुडी घेऊन नंतर रोजच्या लायकेनवर जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आठ पुड्यांत मिळून ड३ फक्त १२ मिलिग्रॅम असतं. तीन महिन्यांनी रक्त तपासा.

पाकीट वाचताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांवर असतो आणि त्याचा अर्थ शाकाहारी, म्हणजे दूध चालतं. व्हीगनसाठी पान असलेलं हिरवं 'व्ही'चं वेगळं चिन्ह आहे. औषधांवर ठिपका बंधनकारकच नाही. तिथे 'हार्ड जिलेटिन कॅप्सूल' किंवा 'सॉफ्ट जिलेटिन' हे शब्द शोधा. वनस्पतिजन्य आवरण असेल तर 'एचपीएमसी' लिहिलेलं असतं. कॅल्शियममध्ये 'ऑयस्टर शेल' म्हणजे शिंपल्यांची पूड. आणि जिलेटिन टाळायला कॅप्सूल उघडून पावडर पाण्यात टाकणं हा धोकादायक उपाय आहे: आतले दाणे पोटातल्या आम्लापासून वाचवायला किंवा औषध हळूहळू सुटायला बनवलेले असतात, आणि डॉक्सिसायक्लिनसारखं औषध तर अन्ननलिकेला जखम करतं. डॉक्टरांना 'हेच टॅबलेटमध्ये मिळेल का' एवढं विचारा, बऱ्याचदा मिळतं.

आयुर्वेदाबद्दल. तूप, मध, शंख, प्रवाळ, मोती हे सगळं तिथे नित्याचं आहे, तेव्हा ती औषधं आपोआप व्हीगन होत नाहीत. होमिओपॅथीत लॅक्टोज सर्रास वापरतात, आणि थायरॉइडसाठी दिलं जाणारं 'थायरॉइडिनम' तर जनावराच्या ग्रंथीपासूनच बनतं. यांपैकी कशातूनही कमी पडलेलं संप्रेरक भरून निघत नाही, हा माझा मुख्य आक्षेप. अश्वगंधा तर थायरॉक्सिनसोबत आणि गर्भारपणात टाळाच.

व्हीगन स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी या गोळीच्या आड येतात. गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा पाऊण ते एक तास चहा-कॉफीही नको. सोयादूध, टोफू आणि कॅल्शियम घातलेलं कुठलंही वनस्पतिजन्य दूध सकाळच्या न्याहारीऐवजी दुपारी ठेवा. सोया आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिन शोषू देत नाहीत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. फक्त सैंधव वापरत असाल तर स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ घ्या, कारण दूध आणि मासे सोडल्यावर आयोडीनचा दुसरा भरवशाचा स्रोत राहत नाही. पण समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल नकोत, त्यांतलं जादा आयोडीन थायरॉइड आणखी बिघडवतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस थांबवा, नाहीतर टीएसएच चुकीचं येतं.

मैत्रिणीला सांगा की १९४४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' हे शब्द आहेत, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करू नका असं तीच संस्था सांगते. प्राण्यांना होणारी इजा कमी व्हावी यासाठी हा आचार आहे, आणि त्यासाठी तुम्ही धडधाकट असणं गरजेचं आहे.

शेवटी, कंपनीला पत्र लिहाच. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता असतो. औषधाचं नाव, मात्रा आणि बॅच क्रमांक देऊन चार गोष्टी विचारा: गोळीत लॅक्टोज किंवा जिलेटिन आहे का, मॅग्नेशियम स्टिअरेट वनस्पतीचं की जनावराचं, लॅक्टोजशिवायची गोळी तुम्ही बनवता का, २०२३च्या दुरुस्तीनंतर प्राण्यांशिवायच्या चाचण्या कुठे वापरल्या. उत्तर लेखी मागा, फोनवरचं तोंडी उत्तर धरू नका. घटक न सांगता बदलू शकतात, म्हणून वर्षातून एकदा पुन्हा विचारा, आणि आलेल्या उत्तराची एक प्रत तुमच्या डॉक्टरांना द्या. पुढच्या व्हीगन रुग्णाला गोळी लिहून देताना ती त्यांच्या हाताशी असेल.